अल्प खर्चातील महानगर : शहाडच्या अंतरावरून एक विचार

१

मुंबईचा इतिहास आजवर मुख्यत्वे बंदर, व्यापार, गिरण्या आणि राजकीय चळवळी यांच्या अनुरोधाने लिहिला गेला आहे. या शहराचा उपभोग सामान्य मिळकतीच्या माणसाने कसा घेतला, हा प्रश्न मात्र बहुधा आठवणी आणि ललितलेखन यांच्यावर सोपविण्यात येतो. खिशात थोडे पैसे असताना बाग, वस्तुसंग्रहालय, समुद्रकिनारा, नाटक, गाणे, व्याख्यान यांचा लाभ घेणे ही व्यक्तीच्या काटकसरीची बाब मानली जाते, आणि काटकसर हा सद्गुण असल्यामुळे तिला इतिहास असू शकतो हे सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य याच्या उलट आहे. महानगराचा स्वस्त उपभोग ही सार्वजनिक व्यवस्थेची निष्पत्ती होती. जे प्रेक्षकाला स्वस्त पडले त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी दिलेली होती. आणि जी किंमत कोणीच दिली नाही, ती प्रेक्षकाने पैशाऐवजी वेळेच्या रूपाने स्वतः मोजली.

हा विचार शहराच्या मध्यभागातून करण्यापेक्षा त्याच्या कडेवरून केल्यास अधिक स्पष्ट होतो. म्हणून येथे शहाड हे निरीक्षणस्थान घेतले आहे. कल्याण जंक्शनपाशी लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक आग्नेयेस कर्जतकडे जातो, दुसरा ईशान्येस कसाऱ्याकडे. या दुसऱ्या फाट्यावरचे पहिले स्थानक म्हणजे शहाड. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये नाव व रूप घेतलेले उल्हासनगर, आणि गेल्या शतकाच्या मध्यापासून सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, अशी या वस्तीची चतुःसीमा सांगता येईल. मुंबई येथून लोकलने सव्वा ते दीड तासाच्या अंतरावर आहे. म्हणजे ती रोज गाठता येण्याइतकी जवळ आहे, पण सहज जाऊन येण्याइतकी जवळ नाही. स्वस्ताईची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

२

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, मार्ग कल्याणपर्यंत पोचला आणि १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत वाढला. त्यामुळे शहाडची भूमी रेल्वेच्या अगदी आरंभकाळातच लोहमार्गाखाली आली. बोरीबंदर ते ठाणे या सुमारे २१ मैलांच्या प्रवासास पहिल्या वर्गाचे भाडे २ रुपये १० आणे होते, तर तिसऱ्या वर्गाचे ५ आणे ३ पै. मैलामागे हिशोब केल्यास तिसऱ्या वर्गाचा दर बरोबर ३ पै आणि पहिल्या वर्गाचा २ आणे, म्हणजे आठपट पडतो. दोन्ही वर्ग एकाच इंजिनामागून, एकाच वेळेत, एकाच स्थानकावर पोचत असत. तेव्हा जादा पैसे मोजून जे मिळे ते बसण्याचे सुख होते. शहर मात्र दोघांनाही सारखेच मिळे. महानगराच्या स्वस्त उपभोगाचे पहिले सूत्र या भाड्याच्या कोष्टकात सापडते.

याच वर्षी मुंबईत आणखी एक घटना घडली. विष्णुदास भावे यांची सांगलीकर नाटकमंडळी १८५३ मध्ये मुंबईस आली आणि ग्रँट रोडवरील नाट्यगृहात मराठी नाटकांचे प्रयोग झाले. रेल्वे आणि मराठी रंगभूमी यांचा मुंबईतील प्रवेश एकाच वर्षीचा असणे हा योगायोग असला, तरी पुढील शंभर वर्षांत या दोहोंचे नाते योगायोगाचे राहिले नाही. नाटकमंडळ्या रेल्वेने गावोगाव हिंडल्या आणि प्रेक्षक रेल्वेने नाटकाला आले. नाट्यगृहातही रेल्वेप्रमाणेच आसनांचे वर्ग होते, आणि कमी दराच्या पिटातील प्रेक्षकाची टाळी ही नटाच्या यशाची कसोटी मानली जाई.

तिसरा वर्ग भारतीय रेल्वेतून १९७४ मध्ये नावापुरता संपला. त्यामागील तत्त्व मात्र मासिक पासाच्या रूपाने टिकून राहिले. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाचे मूल्य सामान्यतः १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्याइतके धरले जाते. महिन्यात २५ दिवस कामावर जाणाऱ्याच्या ५० फेऱ्या होतात. म्हणजे पहिल्या आठदहा दिवसांतच पास आपली किंमत फेडतो आणि त्यापुढील प्रत्येक फेरी हिशोबाने फुकट पडते. कामासाठी काढलेला पास रविवारीही चालतो, या साध्या नियमात नोकरदाराच्या सांस्कृतिक जीवनाचा मोठा भाग सामावलेला आहे. चौपाटीवर जाण्यासाठी त्याने वेगळा खर्च केला नाही. चौपाटीचा प्रवासखर्च त्याच्या नोकरीच्या खर्चातच अंतर्भूत होता.

ही सवलत नैसर्गिक नव्हे, ती धोरणाने दिलेली आहे, हे जून २०१४ मध्ये स्पष्ट झाले. त्या महिन्यात भाडेवाढीबरोबर मासिक पास १५ ऐवजी ३० फेऱ्यांच्या आधारावर आकारण्याचे जाहीर झाले. मुंबई परिसरातून तीव्र विरोध होताच काही दिवसांतच ही तरतूद मागे घेण्यात आली आणि ८० किलोमीटरपर्यंतच्या उपनगरी दुसऱ्या वर्गाला भाडेवाढीतूनही वगळण्यात आले. शहाड या मर्यादेच्या आत येते. कसारा मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरांवर असल्याने मर्यादेबाहेर राहिला. एकाच मार्गावरील दोन गावांच्या रविवारांचे मोल अशा रीतीने एका आकड्याने वेगळे केले.

३

प्रवासाच्या शेवटी उतारूला काय मिळे? पहिली गोष्ट स्थानक हीच. १८७८ ते १८८८ या काळात बांधलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. ज्या वास्तूकडे परदेशी प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करून येतो, ती शहाडच्या उतारूच्या तिकिटातच मिळत आली आहे. घाईमुळे त्याने मान वर करून तिचा घुमट पाहिला नसेल, तर तो प्रश्न पुन्हा वेळेचाच आहे, पैशाचा नव्हे.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शहरातील वस्ती, देवालये, उत्सव, बाजार, इमारती यांचा जो विस्तार आहे, त्यावरून एक गोष्ट लक्षात येते : त्या काळच्या मुंबईतील पाहण्याजोगे बहुतेक सर्व काही रस्त्यावर, देवळाभोवती किंवा समुद्राकाठी होते, आणि त्यास दाम पडत नसे. जत्रा आणि सण हे दाराविना असलेले कार्यक्रम. दार, कुंपण आणि वेळापत्रक असलेली सार्वजनिक स्थळे नेमकी याच सुमारास उभी राहू लागली होती.

त्यांपैकी भायखळ्याचा राणीचा बाग हे सर्वांत बोलके उदाहरण होय. बागेचे उद्घाटन आणि तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १८६२ मध्ये झाली. संग्रहालयासाठी जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी जमविली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले असता मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये तो ओसरताच पेढ्या बुडाल्या, वर्गणी आटली, आणि काम पूर्ण करण्यासाठी सरकारी तिजोरीला हात लावावा लागला. संग्रहालय १८७२ मध्ये लोकांस खुले झाले. घारापुरी या बेटाला इंग्रजी नाव ज्यावरून मिळाले तो दगडी हत्ती आज याच आवारात उभा आहे. तेव्हा बोटीचे भाडे न मोजता घारापुरीचा निदान एक अंश येथे पाहता येतो. १९६९ मध्ये बागेस वीरमाता जिजाबाई भोसले यांचे आणि १९७५ मध्ये संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मराठी बोलीत मात्र ‘राणीचा बाग’ हेच नाव राहिले.

या एका आवाराच्या हिशोबात दाता, वर्गणीदार, सरकार आणि नगरपालिका असे चार देणेकरी दिसतात. पाचवा, म्हणजे प्रेक्षक, सर्वांत कमी देणारा होता. काळा घोड्याजवळील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, याची कोनशिला १९०५ मध्ये बसली. युद्धकाळात इमारतीचा उपयोग लष्करी रुग्णालयाकडे होऊन १९२२ मध्ये ती प्रेक्षकांस खुली झाली. तिच्या शेजारी १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उभे राहिले, तेथे चित्रे पाहण्यास आजही प्रवेशमूल्य नाही. मलबार टेकडीवरील जलाशयाच्या छतावरची १८८१ मधील फिरोजशहा मेहता बाग तर पाणीपुरवठ्याच्या खर्चाचेच एक उपफळ म्हणता येईल.

४

धनिकांच्या देणग्या आणि सरकारी खर्च यांनी वास्तू उभ्या राहिल्या. त्यांत चालणारे सांस्कृतिक जीवन मात्र बव्हंशी वर्गणीवर पोसले गेले. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होऊ लागला. पुढे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील चाळींमधून कीर्तन, व्याख्यान, मेळे, गायन, नाटके यांची दहा दिवसांची मालिका रूढ झाली. तिचा खर्च चाळकऱ्यांच्या वर्गणीतून होई, पण मांडव रस्त्याच्या बाजूला उघडा असे आणि बाहेरून येऊन उभ्या राहिलेल्या श्रोत्याकडे कोणी पावती मागत नसे. एरवी तिकीट काढूनच ऐकावा लागणारा गवई या दिवसांत रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकता येई. आर्थिक परिभाषेत ज्याला फुकट लाभ घेणारा म्हणतात, तो येथे अनाहूत नव्हता. गर्दी ही उत्सवाची प्रतिष्ठाच होती.

वक्तृत्वाचेही तसेच. गिरगाव चौपाटी आणि १९२५ मध्ये खुले झालेले दादरचे शिवाजी पार्क ही दोन मैदाने म्हणजे तिकिटाविना असलेली सभागृहेच होत. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनकाळात आचार्य अत्रे यांच्या सभांना जमलेला समुदाय केवळ राजकीय निष्ठेने आला होता असे म्हणणे अपुरे ठरेल. भाषा ऐकण्याचा आनंद हेही त्या गर्दीचे एक कारण होते, आणि त्या आनंदाला दाम नव्हता.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) आणि मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) या संस्थाही सभासदांच्या लहान वर्गण्यांवर आणि देणग्यांवर वाढल्या. कामगारवस्तीत नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि परळचे दामोदर नाट्यगृह यांच्या द्वारा हेच कार्य केले. १९५४ पासून शासनाच्या नाट्यस्पर्धेने नाममात्र तिकिटात हौशी नाटक उपलब्ध केले. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने जी प्रायोगिक चळवळ चालविली, तिने तर स्वस्ताईलाच नाट्यशैलीचा आधार बनविले. नेपथ्य थोडे, जागा लहान, तिकीट कमी; त्यामुळे प्रेक्षकाची पसंती गमावण्याची भीतीही कमी. ज्या नाटकाला मोठे नाट्यगृह भरण्याची सक्ती नसते, तेच धाडस करू शकते.

५

येथवरच्या विवेचनावरून शहर उदार होते असा निष्कर्ष निघेल. शहाडच्या अंतरावरून पाहता त्याला तीन मर्यादा घालाव्या लागतात.

पहिली वेळेची. नाटकाचा तिसरा अंक आणि शेवटची लोकल यांचा संघर्ष उपनगरी प्रेक्षकाच्या परिचयाचा आहे. कल्याणपर्यंत गाड्या मुबलक आहेत. कल्याणच्या पुढे दोन्ही फाट्यांवर त्या विरळ होत जातात. दादरहून निघालेला शहाडचा प्रेक्षक कल्याणास पोचला तरी घरी पोचला असे होत नाही. रात्रभर रंगणारी संगीताची बैठक त्याला परवडे, कारण पहाटेची पहिली गाडी तिच्या शेवटी मिळे. पण रात्री उशिरा संपणारे नाटक परवडत नसे. कोणती कला कोणाच्या वाट्याला यावी, हे अभिरुचीइतकेच वेळापत्रकाने ठरविले.

दुसरी मर्यादा पासाच्या स्वरूपातच आहे. पास अहस्तांतरणीय असतो. तो मिळवत्याच्या नावाचा. घरातील मिळवता पुरुष रविवारी विनाखर्च मुंबईस जाऊ शके, पण पत्नी, आई आणि मुले यांच्यासाठी प्रत्येक वेळी तिकीट काढावे लागे. चौघांच्या कुटुंबाची सहल आणि एकट्याची सहल यांच्या खर्चात जे अंतर पडे, त्यातून शहराचा उपभोग पुरुषाकडे झुकला, असे अनुमान करण्यास जागा आहे. स्त्रियांच्या वाट्याला वर्षातून ठरावीक दिवशीची राणीची बाग किंवा गणपती पाहणे येई. नित्याची व्याख्याने आणि प्रदर्शने येत नसत. पदवीपर्यंतच्या विद्यार्थिनींना घर ते महाविद्यालय असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याचे रेल्वेचे पुढील काळातील धोरण केवळ शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले जाते. मुलीच्या हाती स्वतःच्या नावाचा पास येणे ही सांस्कृतिक इतिहासातीलही घटना आहे.

तिसरी मर्यादा कामगाराची. मुंबईत नोकरी करणारा कारकून पास बाळगतो. शहाडच्या कारखान्यात काम करणारा कामगार बाळगत नाही, कारण त्याचे काम घराजवळच असते. रेयॉनचे उत्पादन अखंड चालणारे असल्यामुळे तेथे पाळ्या असतात आणि सर्वांची सुटी एकाच दिवशी येऊ शकत नाही. एकाच चाळीतील दोन शेजाऱ्यांपैकी एकाला मुंबई अशा रीतीने जवळ होती आणि दुसऱ्याला दूर. दुसऱ्यासाठी संस्कृती गावात येणे आवश्यक होते. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमाने स्थापन झालेल्या मंडळाची केंद्रे, त्यांची वाचनालये आणि नाट्यस्पर्धा यांचे महत्त्व येथे कळते. कामगार कल्याण केंद्राच्या रंगमंचावर कामगार प्रेक्षक म्हणून आला आणि नट म्हणूनही उभा राहिला.

६

कडेची गावे केवळ मुंबईची गिऱ्हाइके होती असे मात्र समजता कामा नये. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या संग्रहालयाच्या पाच वर्षे आधी स्थापन झाले. कल्याणच्या गायन समाजाने रागसंगीताची परंपरा गावात राखली. १९७८ मध्ये ठाण्यास गडकरी रंगायतन उघडले. त्यानंतर कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर झाले, आणि शहाडच्या प्रेक्षकाला तिसरा अंक निर्धास्तपणे पाहता येऊ लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीत सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा पुढे गिरगावानेही उचलली. ज्या गिरगावाकडून उपनगरांनी सार्वजनिक उत्सवाचा धडा घेतला, त्यानेच एक उत्सव उपनगराकडून घ्यावा, ही घटना लहान असली तरी अर्थपूर्ण आहे. दोन्ही टोकांना तिचे स्वरूप एकच राहिले : वर्गणी थोड्यांची, रस्ता सर्वांचा.

७

एकविसाव्या शतकात या व्यवस्थेचा तोल बदलू लागल्याची चिन्हे आहेत. पेंग्विन पक्ष्यांच्या आगमनानंतर २०१७ मध्ये राणीच्या बागेचे प्रवेशमूल्य प्रौढास ५ रुपयांवरून ५० रुपये करण्यात आले आणि चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपये ठरले. बागेच्या देखभालीचा खर्च वाढला हे खरे. १०० रुपये ही रक्कम मुंबईतील इतर करमणुकीच्या मानाने फार नाही हेही खरे. तथापि या निर्णयाचा ऐतिहासिक अर्थ रकमेच्या लहानमोठेपणात नाही. १८६२ मध्ये ज्या हिशोबात प्रेक्षक हा सर्वांत कमी देणारा पाचवा भागीदार होता, त्या हिशोबात त्याचा हिस्सा दसपट झाला, हा तो अर्थ होय. भाडेवाढ मागे घेण्यासाठी २०१४ मध्ये जसा उपनगरांचा आवाज उठला, तसा बागेसाठी उठला नाही. कामाच्या प्रवासावर हक्क सांगणारा समाज आनंदावर हक्क सांगण्यास मात्र संकोचतो, असे यावरून म्हणावे लागेल.

परळच्या दामोदर नाट्यगृहासारखी जुनी वास्तू २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाली, तेव्हाही चर्चा प्रामुख्याने नाट्यगृह पुन्हा केव्हा उभे राहील याची झाली. पूर्वीच्या तिकिटात तेथे बसणारा प्रेक्षक परत येईल काय, हा प्रश्न तितकाच मूलभूत आहे. वास्तू पुन्हा बांधता येते. तिच्याभोवती शंभर वर्षांत जमलेला कमी पैशांचा प्रेक्षकवर्ग एकदा विखुरला की तो पुन्हा जमविण्याची विद्या कोणत्याही स्थापत्यशास्त्रात नाही.

महानगराच्या स्वस्त उपभोगाचा इतिहास लिहिताना म्हणून तीन प्रश्न सतत पुढे ठेवले पाहिजेत : खर्च कोणी केला, लाभ कोणाला मिळाला, आणि उरलेली किंमत कोणी वेळेने भरली. पहिल्या प्रश्नाची उत्तरे शिलालेखांवर आणि देणगीदारांच्या फलकांवर कोरलेली आहेत. दुसऱ्याची पुष्कळशी उत्तरे संस्थांच्या अहवालांतून आणि नोंदवह्यांतून मिळू शकतील. तिसऱ्याचे उत्तर कोठेही कोरलेले नाही. ते शेवटच्या गाडीने कल्याणास उतरून शहाडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या, हातात नाटकाची घडी केलेली जाहिरात असलेल्या उतारूच्या जागरणात आहे. आणि त्या जागरणाची नोंद झाल्यावाचून मुंबईच्या सांस्कृतिक वैभवाचा जमाखर्च पुरा होणार नाही.